मेरा-२ची मोफत विदा (डेटा): अरबी समुद्रावरचा पाऊस हवेतले कण किती धुतो, हे मोजायला कितपत कामाची?

नासाच्या गोडार्ड केंद्राची ‘मेरा-२’ ही पुनर्विश्लेषण सेवा. १९८० पासून आजपर्यंतचं सगळ्या पृथ्वीचं वातावरण, तासातासाला, एका संगणकीय प्रतिमानातून पुन्हा उभं केलेलं. पैसे लागत नाहीत. धूळ, समुद्री मीठ, काजळी, सेंद्रिय कार्बन आणि सल्फेट यांपैकी कशाकशाचा किती भाग पावसाबरोबर खाली आला, याचे वेगळे रकाने यात तयार मिळतात. समुद्रावर पर्जन्यजल गोळा करणारी केंद्रं जवळजवळ नसल्यामुळे या रकान्यांना मोल आहे. आमचं मत आधीच सांगतो: मोसमाच्या हिशेबासाठी बेलाशक घ्या, एखाद्या सरीचा हिशेब करायचा असेल तर याच्या नादी लागू नका.

पहिली अडचण लॉग-इनचीच आहे. नासाच्या ‘अर्थडेटा’ या संकेतस्थळावर खातं उघडणं सोपं. पण खातं उघडून फाइल उतरवायला गेलं की पुष्कळांच्या हाती अगदी लहानसं काहीतरी येतं आणि ते नेटसीडीएफ (ही विदा ज्यात येते तो फाइल-प्रकार) म्हणून उघडत नाही. ते असतं लॉग-इनचं वेबपान, फाइलचं नाव लावून आलेलं. कारण असं की खात्याच्या प्रोफाइलमध्ये जाऊन ‘जीईएस डिस्क’ या मेरा-२ची विदा ठेवणाऱ्या नासाच्या केंद्राच्या विदा-भांडाराला वेगळी मंजुरी द्यावी लागते. ती दिली आणि संगणकावर ‘नेटआरसी’ फाइलमध्ये नाव व पासवर्ड घालून तिची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवली, की काम सुरळीत चालतं.

मग तीन संच निवडायचे. ‘एडीजी’ हा मुख्य, कारण निक्षेपाचे, म्हणजे हवेतले कण खाली येण्याचे, सगळे रकाने त्यात आहेत. ‘एईआर’मध्ये हवेच्या पूर्ण स्तंभातलं कणांचं वस्तुमान आणि एओडी, म्हणजे प्रकाश किती अडला त्याचं माप. ‘एफएलएक्स’मध्ये पाऊस. जाळी अक्षांशात अर्ध्या अंशाची, रेखांशात ०.६२५ अंशाची. कोकणासमोर एक चौकोन म्हणजे साधारण ५५ किलोमीटर गुणिले ६७ किलोमीटर. अख्ख्या जगाची फाइल उतरवायच्या फंदात पडू नये. एका चलाची, म्हणजे एका रकान्याची, एका दिवसाची न दाबलेली विदा २० एमबी होते आणि एडीजीमध्ये चलं डझनावारी आहेत. त्याऐवजी सबसेट, म्हणजे हवा तेवढाच तुकडा, मागा. १४ ते १८ उत्तर आणि ६९ ते ७२ पूर्व ही पेटी घेतली तर ९ गुणिले ५, म्हणजे फक्त ४५ बिंदू येतात. ती किनाऱ्यापासून पुरेशी लांब असल्याने जमीन मधे येत नाही. पेटी रत्नागिरी-मालवणकडे सरकवायची असेल, तर स्थिरांकांच्या फाइलमधलं समुद्राच्या वाट्याचं चल घेऊन जमिनीचे चौकोन गाळावेत. नाहीतर सह्याद्रीचा पाऊस समुद्राच्या नावावर जमा होतो.

फाइलच्या नावात एक क्रमांक असतो: १९९१ पर्यंत १००, मग २०००पर्यंत २००, २०१० पर्यंत ३००, २०११ पासून ४००. हा क्रमांक फाइली उतरवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पक्का लिहून ठेवणाऱ्यांची एक ठरलेली पंचाईत होते. सप्टेंबर २०२० आणि जून ते सप्टेंबर २०२१ या महिन्यांच्या फाइली पुन्हा तयार केल्या गेल्या आणि त्यांचा क्रमांक ४०१ झाला. म्हणजे २०२१चा अख्खा नैर्ऋत्य मोसम स्क्रिप्टला सापडतच नाही, आणि आलेख मात्र २०२० वरून थेट २०२२वर उडी मारून सरळ रेष काढतो. यादी मागवून नावं वाचावीत, स्वतः रचू नयेत.

आता रकान्यांची नावं. पहिली दोन अक्षरं पदार्थाची: ‘डीयू’ धूळ, ‘एसएस’ मीठ, ‘बीसी’ काजळी, ‘ओसी’ सेंद्रिय कार्बन, ‘एसयू’ गंधकाची संयुगं. पुढची दोन अक्षरं प्रक्रियेची: ‘ईएम’ उत्सर्जन, ‘एसडी’ स्वतःच्या वजनाने खाली बसणं, ‘डीपी’ कोरडा निक्षेप, ‘डब्ल्यूटी’ ओला निक्षेप, आणि ‘एसव्ही’ म्हणजे अभिसरणी (हवा वर उसळून बनणाऱ्या) ढगांतली धुलाई. शेवटी आकारगटाचा क्रमांक. धुळीचे गट पाच, त्रिज्या ०.१ ते १० मायक्रॉन. मिठाचेही पाच, कोरडी त्रिज्या ०.०३ ते १० मायक्रॉन.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते ‘डब्ल्यूटी’पाशी. नाव ‘वेट’ असल्याने पावसाची सगळी कामगिरी तिथेच आहे असं वाटतं आणि पाच गटांची बेरीज करून लोक मोकळे होतात. अभिसरणी ढगांनी वर ओढून घेतलेल्या हवेतले कण ढगाच्या आतच धुतले जातात आणि त्याचा हिशेब ‘एसव्ही’मध्ये स्वतंत्र ठेवलेला आहे. उष्णकटिबंधात पाऊसच मुळी बराचसा अशा ढगांचा. पावसाची धुलाई म्हणजे डब्ल्यूटी अधिक एसव्ही, आणि एकूण निक्षेप हवा असेल तर त्यात एसडी आणि डीपी. ‘अरबी समुद्रात धुळीचं धुणं फारच कमी आढळलं’ असा निष्कर्ष कुठे वाचलात, तर आधी एसव्ही मिळवलं होतं का ते तपासा.

गंधकाच्या बाबतीत उलट चूक होते. तिथे क्रमांक आकाराचे नसून पदार्थांचे आहेत: १ डायमिथाइल सल्फाइड, २ सल्फर डायऑक्साइड, ३ सल्फेट, ४ मिथेनसल्फॉनिक आम्ल. चारही बेरजेत घातले की वायू आणि कण एकत्र होतात. कण हवे असतील तर तिसराच घ्या. काजळीत क्रमांक १ म्हणजे पाणी न धरणारी ताजी काजळी आणि २ म्हणजे हवेत मुरून पाणी धरू लागलेली. प्रतिमानात सोडताना ८० टक्के काजळी पहिल्या प्रकारची धरतात. पाणी न धरणारा कण ढगाचा थेंब बनवत नाही, तेव्हा पहिल्या रकान्यात ओला निक्षेप शून्याजवळ दिसला तर फाइल बिघडली असं समजू नका.

एकक सगळीकडे किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. आकडे १० च्या उणे १०व्या घाताच्या आसपास असतात, आणि एक्सेलमध्ये दोन दशांश ठेवले की सगळा रकाना ०.०० दिसतो. ८.६४ गुणिले १० चा १०वा घात याने गुणलं की मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर प्रतिदिन मिळतं. मासिक फाइलीतही एकक हेच, महिन्याची बेरीज नव्हे. दिवसांच्या संख्येने गुणायचं आपल्याला असतं.

वेळेचं गणित जरा मजेशीर आहे. प्रत्येक नोंद तासाची सरासरी, शिक्का तासाच्या मध्याचा. पहिली नोंद ग्रिनिचच्या ००:३०ची, म्हणजे आपल्याकडे बरोबर सकाळचे ६. पण त्यामुळे भारतीय मध्यरात्र एका तासाच्या मधोमध येते आणि आपला कॅलेंडरचा दिवस नीट कापता येत नाही. हवामान खात्याचा पाऊस मात्र सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात, आणि साडेआठ म्हणजे ग्रिनिचचे ३. तिथे तासाची हद्द तंतोतंत जुळते. किनाऱ्यावरच्या पर्जन्यमापकाशी तुलना करताना ०३:३० ते दुसऱ्या दिवशीची ०२:३० अशा २४ नोंदी घ्याव्यात. ००:३० ते २३:३० घेऊन रत्नागिरीच्या पावसाशी सांगड घातली, तर पहाटेच्या सरी चुकीच्या दिवसात पडतात.

आता हिशेब. पेटीतल्या स्तंभात किती धूळ आहे आणि रोज पाऊस किती उतरवतो, यांचा भागाकार केला की पावसापुरतं आयुष्य मिळतं. समजा स्तंभात चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम धूळ आहे आणि डब्ल्यूटी अधिक एसव्ही रोज २० मिलिग्रॅम, तर १० दिवस. हा भागाकार रोजच्या रोज करून त्याची सरासरी काढू नये. कोरड्या दिवशी भाजक शून्याकडे जातो आणि आयुष्य हजारो दिवस येतं. मोसमभराची सरासरी वर, मोसमभराची सरासरी खाली, मग एकदाच भागावं. उत्तर शक्यतेतलं आहे का हे ताडायला ढोबळ जागतिक आकडे लक्षात ठेवा. सगळ्या निक्षेपांसह काजळी साधारण आठवडाभर हवेत टिकते, धूळ चारेक दिवस, समुद्री मीठ एक दिवसही नाही.

इथवर सेवेची जमेची बाजू. खोलात गेलं की मर्यादा दिसतात, आणि त्या नीट कळायला पाऊस कण कसा काढतो हे पाहावं लागतं.

वाटा दोन. ढगाच्या आत कणावरच पाण्याची वाफ साचून थेंब तयार होतो, असे असंख्य थेंब मिळून पावसाचा थेंब बनतो आणि कण त्याच्या पोटातून खाली येतो. दुसरी वाट ढगाखालची: पडता थेंब वाटेतल्या कणांना गाठतो. ही दुसरी वाट लोकांना जास्त डोळ्यासमोर येते, पण बारीक कणांच्या बाबतीत ती कमालीची दुबळी आहे. ०.१ मायक्रॉनहून लहान कण स्वतःच्या थरथरीने थेंबावर आदळतात. दोनेक मायक्रॉनच्या पुढचे जड कण, हवा थेंबाला वळसा घालते तेव्हा वळू शकत नाहीत आणि चिकटतात. मधले, ०.१ ते १ मायक्रॉनचे, ना पुरेसे थरथरतात ना पुरेसे जड असतात. हवेबरोबर वळसा घालून निघून जातात. या पट्ट्याला ग्रीनफिल्डची खिंड म्हणतात, १९५७ पासून. सिद्धांतानुसार मध्यम पावसात या कणांचा धुलाईचा गुणांक सेकंदाला १० चा उणे ६वा ते उणे ५वा घात इतका येतो. तासभर पाऊस पडला तरी ०.४ ते ३.५ टक्के कण कमी! जाड कणांचा गुणांक उणे ४था ते उणे ३रा घात, म्हणजे त्याच तासात ३० टक्क्यांपासून ९७ टक्क्यांपर्यंत सफाया. उघड्यावरच्या मोजमापांत बारीक कणांचा गुणांक सिद्धांताच्या दहापट, कधी त्याहूनही जास्त निघतो. वाद जुना आहे आणि प्रत्येक प्रतिमान त्यात आपापली बाजू घेऊन बसलेलं आहे.

मेरा-२ने यातलं काही मोजलेलं नाही, सगळं गणिताने काढलेलं आहे. ६७ किलोमीटरच्या चौकोनात दहा किलोमीटरचा एक मुसळधार पट्टा असेल, तर प्रतिमानाला चौकोनभर रिमझिम दिसते, आणि मग किती भागात पाऊस धरायचा हे एका गृहीतकाने ठरतं. जिथे पडला तिथली हवा धुऊन संपल्यावर तिथे आणखी धुण्यासारखं उरत नाही. पाऊस पसरून टाकला तर प्रत्येक थेंबाला ताजे कण मिळत राहतात. एकाच सरीचा हिशेब इथे बिघडतो.

त्यातून पावसाचे आकडेही दोन. ‘प्रेकटॉट’ प्रतिमानाने स्वतः पाडलेला पाऊस, ‘प्रेकटॉटकॉर’ निरीक्षणांनी दुरुस्त केलेला. ओल्या निक्षेपासाठी दुरुस्त केलेलाच वापरतात आणि हे या सेवेचं खरं बळ आहे. आलेखावर शेजारी दाखवायलाही तोच घ्यावा. मात्र समुद्रावरची दुरुस्ती पाच-पाच दिवसांच्या, अडीच अंशांच्या जाळीवरच्या विदेवरून होते. पाच दिवसांचा एकूण पाऊस त्यामुळे ताळ्यावर येतो, पण कुठल्या तासाला पडला ते प्रतिमानच ठरवतं. ‘१४ तारखेला दुपारी ३ वाजता सर आली आणि सल्फेट धुतलं गेलं’ अशी वाक्यं या विदेवरून लिहू नयेत. त्याच चौकोनावर ‘आयमर्ग’चा अर्ध्या तासाचा, ०.१ अंशाचा उपग्रही पाऊस ठेवून बघा, सर कित्येकदा भलत्याच वेळी सापडते.

एओडी घसरला म्हणजे पावसाने धुतलं, हा समज अरबी समुद्रावर तर साफ फसतो. भर पावसाळ्यात, जून ते ऑगस्टमध्येच, इथला एओडी वर्षातला सर्वाधिक असतो. अरबस्तानची धूळ खालच्या दमट नैर्ऋत्य प्रवाहाच्या वरून, वायव्येकडून येते. ओमान-सोमालियाकडच्या पश्चिम भागात मोसमात पाऊस नसल्यात जमा, तेव्हा तिथे ती धुवायला कोणी नाही. खाली वारा मीठ उडवत असतो. लाटांवरच्या फेसाचं क्षेत्र वाऱ्याच्या ३.४१व्या घाताने वाढतं हे जुनं, आजही वापरातलं सूत्र. त्याप्रमाणे वारा सेकंदाला ८ मीटरवरून १२ मीटर झाला की फेस चौपट. पाऊस घेऊन येणारा वाराच नवं मीठ हवेत भरतो. शिवाय ८० टक्के आर्द्रतेला मिठाच्या कणाचा व्यास कोरड्याच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि तेवढंच मीठ जास्त प्रकाश अडवतं. वस्तुमानाचे रकाने वापरा, एओडीवरून धुलाई काढू नका.

आणि एओडी येतो तरी कुठून? उपग्रहांकडून घेतलेला एकूण एओडी दर तीन तासांनी प्रतिमानात घातला जातो. २०१४ नंतर ही भिस्त टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरच्या मोडिस या उपकरणावर आहे. मोडिसला ढगाखालचं दिसत नाही आणि सूर्याची चकाकी असलेला समुद्रही गाळावा लागतो. जुलैत कोकणासमोर सलग काही दिवस एकही निरीक्षण मिळत नाही. नेमकं पाऊस पडत असताना प्रतिमान आपल्याच अंदाजावर चालतं, आणि आभाळ उघडलं की निरीक्षण त्याला ओढून जाग्यावर आणतं. या ओढाओढीत वस्तुमान वाढतं किंवा घटतं, पण ते ना उत्सर्जनाच्या रकान्यात येतं ना निक्षेपाच्या. म्हणून उत्सर्जन वजा निक्षेप हा ताळा जुळत नाही. तो जुळवायच्या मागे लागून तरुण संशोधकांचे महिने वाया जातात. न जुळणं हा इथे दोष नव्हे, रचनाच तशी आहे. एकूण एओडीतला धुळीचा वाटा किती आणि मिठाचा किती, हेही शेवटी प्रतिमानच ठरवतं. नायट्रेट तर मेरा-२मध्ये नाहीच.

पडताळा घ्यायचा सोपा मार्ग पावसाच्या पाण्यातल्या सोडियमचा आहे. समुद्री मिठाच्या वस्तुमानात सोडियम ३०.६ टक्के. नमुन्यातलं सोडियम मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आणि पाऊस मिलिमीटरमध्ये असेल, तर गुणाकार थेट मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर येतो. समजा २ मिलिग्रॅम आणि ४० मिलिमीटर, तर ८० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे २६० मिलिग्रॅम मीठ. हे मिठाच्या डब्ल्यूटी अधिक एसव्हीशी ताडा. सल्फेटमधून समुद्राचा वाटा वजा करायला सोडियमच्या ०.२५पट वस्तुमान काढून टाका. नमुना फक्त पावसात उघडणाऱ्या संग्राहकाचा हवा. कायम उघडं ठेवलेलं नरसाळं दोन सरींच्या मधला कोरडा निक्षेपही गोळा करतं आणि मग प्रतिमान उगाच कमी पडलेलं दिसतं. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचे तुषार हा आणखी एक घोळ. १० मायक्रॉनपुढचं मीठ मेरा-२ धरतच नाही, आणि संग्राहक लाटेपासून शंभर मीटरवर असेल तर त्यात तेच भरपूर असतं.

पर्याय म्हणून युरोपच्या ‘कॅम्स’ या वातावरण-सेवेकडे लोक वळतात. त्यांचं ‘ईएसी-४’ पुनर्विश्लेषण २००३ पासूनचं, ०.७५ अंशाचं, तीन तासांचं. म्हणजे लांबी आणि बारकावा दोन्हींत मेरा-२ सरस. तुलना करताना एक गोष्ट विसरू नये: कॅम्समधलं समुद्री मीठ ८० टक्के आर्द्रतेला फुगलेलं, पाण्यासकट दिलेलं असतं. कोरडं वस्तुमान काढायला ४.३ने भागावं लागतं. न भागता दोन्ही आलेख शेजारी ठेवले की कॅम्स चौपट मीठ दाखवतं आणि त्यावर पानंच्या पानं चर्चा होते.

मोसमाच्या, दशकाच्या, पूर्वेकडची पेटी विरुद्ध पश्चिमेकडची पेटी अशा तुलनांना मेरा-२ला आम्ही पाचपैकी चार देऊ. एका वादळाच्या किंवा एका दिवसाच्या धुलाईला फार तर दीड. कल काढताना २०१४च्या आधीचं आणि नंतरचं वेगळं पाहावं, कारण एरोनेट (जमिनीवरच्या मापकांचं जाळं) आणि मिसर (टेरावरचं दुसरं उपकरण) यांची निरीक्षणं मेरा-२मध्ये घालणं त्या सुमारास बंद झालं. टेरा १९९९चा, ॲक्वा २००२चा. दोन्हींची कक्षा आता पूर्वीसारखी राखली जात नाही आणि माथ्यावरून जायची वेळ सरकत चालली आहे. गेल्या काही वर्षांतली बारीकशी चढ-उतार पावसाच्या खात्यावर टाकण्यापूर्वी हे ध्यानात असू द्यावं.

उद्या-परवाची हवा बघायची असेल तर ही सेवा तुमच्यासाठी नाही. महिना संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तिची विदा येते. त्याला कॅम्सचा दिवसातून दोनदा निघणारा पाच दिवसांचा अंदाज बरा, आणि तो विंडी या संकेतस्थळावर नकाशातच पाहायला मिळतो.